कुत्र्याला क्रेटची सवय कशी लावावी

क्रेटची, म्हणजे कुत्र्याला ठेवायच्या जाळीच्या किंवा प्लास्टिकच्या पिंजऱ्याची, भीती बहुधा दारापासून सुरू होते. आत ढकलले, कडी लागली, माणूस निघून गेला: असे एकदा घडले तरी पुढचे कित्येक दिवस कुत्रा क्रेटकडे फिरकत नाही. म्हणून दार लावणे हे काम सगळ्यात शेवटी.

आधी माप. कुत्रा उभा असताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी घ्या, आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत, कान ताठ असतील तर कानांच्या टोकापर्यंत, उंची. दोन्हींत ५ ते १० सेंमी मिळवा. त्याला मान न वाकवता उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आले पाहिजे. पिल्लासाठी मोठा क्रेट घेतला असेल तर मध्ये जाळी घालून जागा कमी करा. नाहीतर ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्यात शू करते.

क्रेट घरातली माणसे बसतात त्या खोलीत ठेवा, थेट उन्हात नको. दार दोरीने मागे बांधून टाका, कारण ते हलून अंगावर आपटले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आत पातळ गादी किंवा त्याच्या वासाची जुनी चादर घाला. प्लास्टिकचा क्रेट असेल तर पहिले काही दिवस वरचा अर्धा भाग काढून ठेवता येतो. आणि आत सोडताना गळ्यातला पट्टा, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) काढायचाच. तो जाळीत अडकून गळफास बसू शकतो.

आता वाटाण्याएवढे खाऊचे तुकडे घ्या. पहिला दाराबाहेर, दुसरा उंबऱ्यावर, तिसरा जरा आत. पुढचे दोन पाय आत टाकून खाऊ उचलला आणि तो मागे फिरला, तर फिरू द्या. बाहेर पडता येते हे कळले की आत जायचे धाडस आपोआप वाढते. एका वेळी ३ ते ५ मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा पुरे. तो सहज आत जायला लागला की रोजचे जेवणही आतच द्या, भांडे दर वेळी थोडे मागे सरकवत.

भांडे अगदी मागच्या जाळीशी पोचले आणि तो निवांत खातो आहे असे दिसले, की मगच दार लोटा आणि जेवण संपण्याआधी उघडा. नंतर जाळीतून खाऊ देत वेळ वाढवा, पण सरळ चढत्या क्रमाने नको: ५ सेकंद, १०, ३, १५, ७ असा. दर वेळी आधीपेक्षा अवघड होत गेले तर कुत्रा ते ओळखतो आणि आत जायलाच नाखूश होतो. पुढे खुर्चीवरून उठा, खोलीबाहेर जाऊन लगेच या. तुम्ही दिसत नसताना तो अर्धा तास शांत पडून राहायला लागला की छोट्या कामासाठी घराबाहेर पडून पाहा. त्याआधी फिरवून, शी-शू उरकून आणलेले असावे.

कुंईकुंई सुरू झाली तर कारण शोधा. पिल्लू असेल तर बहुतेक वेळा शूच लागलेली असते: पट्टा लावून गुपचूप बाहेर न्या, खेळ न करता परत आणा. जितके महिने वय, त्यात एक मिळवून येतील तितके तास, ही त्याच्या धरून ठेवण्याची ढोबळ कमाल मर्यादा. तीन महिन्यांच्या पिल्लाला चार तास म्हणजे अगदी टोक झाले. दिवसा मोठ्या कुत्र्यालाही सलग चार तासांपेक्षा जास्त कोंडू नये. सुरुवातीच्या रात्री क्रेट तुमच्या अंथरुणाशेजारी ठेवा. एकटे पडल्याचे रडणे त्याने बरेच कमी होते. शू नसेल आणि दिवसा सरावात रडला, तर वेळ फार लवकर वाढवली असे समजून दोन पायऱ्या मागे या.

‘रडून रडून गप्प होईल’ हा सल्ला मात्र मुळीच ऐकू नका. लाळ गळणे, जाळी चावणे, नखे रक्ताळेपर्यंत ओरबाडणे, उकडत नसतानाही धापा टाकणे ही घबराटीची लक्षणे आहेत. अशा वेळी दार उघडा, कोंडणे पूर्ण थांबवा आणि पशुवैद्यांना दाखवा. काही कुत्र्यांना एकटे राहण्याचीच भीती असते. त्यांच्यासाठी क्रेटपेक्षा आधी त्या भीतीवर उपचार हवा, आणि तोवर घरात कोणीतरी सोबत.