उजनीतल्या होडीला बुडाचा रंग कोणता लावावा?

एप्रिल-मे महिन्यांत उजनीचं पाणी मागे सरकतं, तेव्हाच होडी काठावर ओढून पालथी घाला. पावसाळ्यात बूड वाळत नाही.

दुकानदार समुद्रातल्या होड्यांचा, तांबं मिसळलेला महागडा रंग पुढे करतो. तो घेऊ नका. खाऱ्या पाण्यात होडीच्या बुडाला कवचाचे जीव घट्ट चिकटतात, त्यांच्यासाठी तो रंग असतो. आपलं भीमेचं पाणी गोडं, इथे चिकटतं ते शेवाळ, आणि ते ओलं असतानाच काथ्यानं घासलं की निघतं. शिवाय पत्र्याच्या होडीला तांब्याचा रंग थेट लागला तर पत्रा लवकर गंजतो. तिला आधी गंज खरवडून रेड ऑक्साईड, म्हणजे गंज रोखणारा अस्तराचा रंग, मग इनॅमल. फायबरच्या होडीला चिरा भरून इपॉक्सी, म्हणजे राळेचा कडक लेप, पुरे. लाकडी होडीला मात्र मी आजही डांबरच लावतो, पण सांध्यांतली जुनी सुतळी उपसून नवी ठोकल्यावरच.

सगळी मेहनत ओलाव्यापाशी वाया जाते. लाकूड वरून कोरडं दिसतं. म्हणून रात्री बुडावर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा. सकाळी आतून घाम दिसला, तर अजून चार दिवस थांबा. घाई केली की पहिल्याच महिन्यात फोड येऊन पापुद्रे सुटतात.

खरवडताना तोंडाला फडकं बांधा, खाली ताडपत्री अंथरा. तो चुरा धरणात जाऊ देऊ नका, सोलापूर शहर हेच पाणी पितं.