करिअर ठरवायचंय? आधी त्या कामाचा एक मंगळवार बघून या

नागपूरच्या महाल भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. दहावीचा निकाल लागला की पोरं घरी येऊन बसतात, सोबत आईबाबा. "मॅडम, घरचे डॉक्टरकीची नीट परीक्षा दे म्हणून राहिले, पण माझं काही ठरूनच नाही राहिलं." अशा वेळी "तुला काय आवडतं?" असं मी विचारत नाही. सोळाव्या वर्षी याचं उत्तर क्रिकेट, कुत्री नाहीतर मोबाईल असंच येणार. मी विचारते, त्या कामातल्या माणसाचा मंगळवार कसा जातो, ठाऊक आहे का? सकाळी अकराला तो कुठे असतो, हातात काय असतं, दिवसभर कोणाशी बोलतो, कंटाळा कशाचा येतो? रविवारचे सत्कार सगळ्यांनाच दिसतात. नोकरी मात्र मंगळवारी करायची असते.

एका मुलीला प्राण्यांचा लळा होता, म्हणून पशुवैद्यक व्हायचं होतं. तिचे मामा काटोलकडचे. म्हटलं, तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचार आणि एक दिवस त्यांच्यासोबत फिर. गोठ्यात डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवला आणि गाय गाभण आहे का ते बघायला हात कोपराच्याही वर आत घातला. शेणाचा वास, शेपटीचे फटके, आणि शेतकऱ्याचं सारखं "लागली का जी?" मग लाळ्या-खुरकूतची लस, आणि प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर मोबाईलमध्ये भरणं. अख्ख्या दिवसात कुत्र्याचं एक पिल्लू दिसलं नाही. संध्याकाळी तिचा फोन आला: "मॅडम, नंबर सगळे मीच टाकले. परत कधी जाऊ?" कामातला सगळ्यात रटाळ भाग जिने आपणहून मागून घेतला, तिच्याबद्दल मला शंका उरली नाही. आता ती सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

मंगळवार बघायला जाताना त्या क्षेत्रातल्या नावाजलेल्या माणसाकडे जाऊ नका. त्याची सुरुवातीची वर्षं त्यालाच धड आठवत नाहीत. तीन-चार वर्षं काम केलेली ताई किंवा दादा शोधा. शेजारी, आत्याचे दीर, वडिलांच्या ऑफिसातले कोणी, नागपुरात दोन ओळखींत माणूस सापडतोच. त्यांना "स्कोप आहे का?" विचारू नका. काल दिवसभर काय केलं, नेमकं तेवढं विचारा. पहिला पगार किती होता, तेही विचारा. आपल्याकडे लोक सांगतात. सीए व्हायचं असेल तर गांधीबागेतल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात महिन्याच्या वीस तारखेच्या आधी जाऊन बसा. जीएसटीची विवरणपत्रं भरायची घाई आणि व्हाउचरांचे गठ्ठे बघा. आर्टिकलशिपची, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकायची, दोन वर्षं त्यातच जायची आहेत.

आपल्या गावात काय आहे, हेही पोरांना सांगावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून नागपूरचं आहे आणि तिथे फायर इंजिनिअरिंगची पदवी मिळते. वर्धा रोडला कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची संस्था, सिव्हिल लाइन्सला भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी १९५८ पासून इथेच आहे. रोज त्यांच्या फाटकावरून ट्यूशनला जाणाऱ्या पोरांना आत कोण काय करतं याचा पत्ता नसतो.

दुसरं काम घरबसल्या करायचं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये किंवा गणपतीच्या मंडळात कामं वाटली जातात, तेव्हा तुम्ही न सांगता कोणतं उचलता ते आठवा. वर्गणीचा हिशोब? मंडपवाल्याशी घासाघीस? रुसलेल्या दोघांना एकत्र बसवणं? लायटिंगची वायर कुठे तुटली ते शोधत रात्री बारापर्यंत बसणं? माझ्या मते यातून जे कळतं ते कुठल्याही कल चाचणीपेक्षा खरं असतं. चाचणी द्यायला हरकत नाही, पण तिथे पोरं चांगली दिसतील अशी उत्तरं टिक करतात. आईला विचारा, ती चटकन सांगेल.

आणि घरच्यांची काळजी उडवून लावू नका. एका कागदावर तीन रकाने आखा: एकूण फी, लागणारी वर्षं, सुरुवातीचा पगार. नीटसाठी ड्रॉप घेऊन घालवायचं वर्ष आणि तुमच्या मनातला कोर्स, दोन्ही त्याच कागदावर मांडा. बाबांशी आवाज चढवून बोलण्यापेक्षा हा कागद पुढे ठेवा, आणि पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत न्या. काटोलला त्या मुलीचे बाबा दुसऱ्या वेळी गेले होते. परत आल्यावर त्यांनी डॉक्टरांच्या बदल्या कुठे कुठे होतात, एवढंच विचारलं.

हे सगळं मे महिन्यावर ढकलू नका. पंचेचाळीस डिग्रीत कोणी तुम्हाला शेतात नाहीतर साइटवर फिरवणार नाही, आणि तोवर प्रवेशाचे फॉर्मही सुरू झालेले असतात. दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत दोन कामं बघा, अकरावीत आणखी दोन. जाताना वही न्या आणि त्याच रात्री लिहून काढा: कुठे घड्याळ बघितलं, आणि कुठे बघायचं राहून गेलं.