जॅकेट घेऊ की विंग? खान्देशातून डायव्हिंगमध्ये येणाऱ्यांसाठी

जळगाव-धुळ्याकडची पोरं-पोरी ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला कोर्स) झालं की पहिला प्रश्न हाच विचारतात, ताई बीसीडी (सिलेंडर धरणारं, हवा भरून-सोडून पाण्यात वरखाली व्हायचं सामान) कुठला घेऊ, जॅकेट (हवा अंगाभोवती) की विंग (हवा पाठीवर), आणि मागोमाग कुठल्यातरी सेलची लिंक. माझं उत्तर दरवेळी तेच असतं आणि बऱ्याच जणांना ते आवडत नाही: अजून काहीच घेऊ नका, आधी तुम्हाला शिसं (पाण्याखाली जायला अंगावर लावायचं वजन) किती लागतं ते पक्कं करा. मला हे सुरुवातीला कुणीच सांगितलं नाही, त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून इथं जरा पाल्हाळ लावते.

मी शिकले त्या सेंटरवर नवीन माणसाला शिशाच्या दोन वड्या जास्तच लावायची पद्धत होती. कारण सरळ आहे, शिकणारा तळाला बसून राहिला की शिकवणाऱ्याला सोपं पडतं. अख्खा कोर्स मी चार किलो जास्तीच्या शिशावर केला. पाण्यात कायम तिरकी, धड वर, पाय खाली, फिन्सने वाळू उडतेय, मागच्यांना काही दिसत नाही. आणि जो तो म्हणायचा, जॅकेटमुळे होतं हे, विंग घे, आपोआप आडवी होशील.

आता हिशोब बघा. 4 किलो जास्तीचं शिसं तोलायला बीसीडीत साधारण 4 लिटर जास्तीची हवा भरावी लागते. 10 मीटर खोलीवर दाब 2 बार असतो, तिथून 5 मीटरवर आलात की दीड बार, म्हणजे त्याच 4 लिटरचे झाले 5.3 लिटर, तुम्ही बटणाला हातही लावलेला नाही आणि सव्वा किलोच्या वर उचल वाढली. मग तुम्ही घाईने हवा सोडता, जास्त सुटते, खाली जाता, परत भरता, परत वर. सगळी डाईव्ह बटणं दाबण्यात जाते आणि सिलेंडर बडीच्या (जोडीदार डायव्हरच्या) आधी संपतो. शिवाय शिसं कमरेला आणि हवा छाती-बगलेपाशी, मग पाय खाली जाणारच. विंग लावली तरी हे चार किलो तिथंच राहणार ना.

तपासायचं कसं? डाईव्हच्या शेवटी सिलेंडरमध्ये 50 बार उरले असताना, 5 मीटरवर सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधी थोडं थांबतात तिथं), बीसीडी पूर्ण रिकामा करून शांत श्वास घेत थांबा. जागेवर राहिलात तर वजन बरोबर, खाली जायला लागलात तर जास्त. शेवटीच का बघायचं, तर 11 लिटरचा अ‍ॅल्युमिनियम सिलेंडर 200 बारवरून 50 वर येतो तेव्हा जवळपास 2 किलो हवा वापरून झालेली असते, तेवढे तुम्ही हलके होता. हे 2 किलो सुरुवातीला जास्त असायलाच पाहिजेत, त्याच्या वरचं शिसं उगाच. पुढच्या डाईव्हला एकच किलो काढा, परत बघा, आणि हे इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाच. मनाने एकदम सगळं काढलंत तर शेवटी सेफ्टी स्टॉप धरता येणार नाही, सरळ वर निघून जाल, ते त्याहून वाईट.

अजून एक, जळगावच्या स्विमिंग पूलमधला आकडा मालवणला चालत नाही. खारं पाणी जड, त्यामुळे माणूस आणि सामान मिळून 90 किलो भरत असेल तर समुद्रात सव्वादोन किलोच्या आसपास जास्त लागतं. 3 मिलिमीटर जाडीच्या वेटसूटऐवजी (अंगाला ऊब देणारा रबरी सूट) 5 मिलिमीटरचा घातला की परत आकडा बदलतो. म्हणून लॉगबुकमध्ये दरवेळी लिहा: पाणी कुठलं, सूट कुठला, सिलेंडर कुठला, शिसं किती. घाबरू नका, काही डाईव्हमध्ये बसतं हे.

आता प्रकार. जॅकेटमध्ये हवा अंगाभोवती असते, वर आल्यावर माणूस उभा तरंगतो, नवख्याला धीर येतो. पण पूर्ण फुगवलं की छाती-पोट आवळतं, आणि माझ्यासारखं धड आखूड असेल तर मीडियम साईज खांद्यावरून कानापर्यंत चढते आणि हनुवटी पाण्यात. पोरींनो, भाड्याने घेताना एक्सएस आधीच फोन करून मागा, लाजू नका, सीझनला ते साईज पहिले संपतात.

विंग म्हणजे हवा फक्त पाठीवर. मामाच्या मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना लगेच कळेल, आडवं पडलं की मजा, उभं राहिलं की डबा तोंडावर ढकलतो. म्हणून वर आल्यावर विंग गच्च फुगवायची नाही, हनुवटी पाण्याबाहेर राहील एवढीच हवा आणि थोडं मागे रेलायचं. शिसं पोटाकडून काढून मागच्या खिशात किंवा सिलेंडरच्या पट्ट्यावर नेलं तर ढकलणं बरंच कमी होतं. विंगच्या बॅकप्लेटचा (पाठीवरच्या धातूच्या पाटीचा) हार्नेस म्हणजे पट्टे एकदा अंगाला बसवले की क्रॉच स्ट्रॅपमुळे (मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्यामुळे) वर सरकत नाही, मला हेच सगळ्यात आवडलं. पण स्टीलची प्लेटच अडीच-तीन किलोची. अंदमानच्या कोमट पाण्यात पातळ सूटमध्ये एखाद्या बारीक पोरीला तेवढंच वजन पुरून उरेल, आणि विमानात बॅगेचं वजन वेगळं. तिनं अ‍ॅल्युमिनियमची प्लेट बघावी. साईडमाउंट, म्हणजे दोन्ही कुशीला सिलेंडर, गुहांमधल्या डायव्हिंगमधून आलेला प्रकार, त्याचा कोर्स वेगळा असतो. आत्ता त्याच्या नादी लागू नका.

डाईव्हमास्टर (इतरांना डाईव्हला नेणारा) व्हायचं असेल तर माझं मत, शिकायचं जॅकेटवर, विकत घ्यायची विंग, पण हात दोन्हीवर बसवायचा. मालवणला बोटीवर येणारा टुरिस्ट जॅकेटमध्येच असतो आणि त्याच्या इन्फ्लेटरवर (हवा भरायच्या-सोडायच्या बटणांवर) तुमचा हात न बघता गेला पाहिजे. आणि गुरू निवडताना बायोडाटा बघू नका, तो शिकणाऱ्याचं शिसं कमी करत नेतो की वाढवत ते बघा. "होईल सवय" म्हणणारे सर सोडून द्या. तारकर्लीला एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) इस्दा ही डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, इतरही सेंटर आहेत, एकाच ठिकाणी चिकटून राहायची सक्ती नाही. व्हिडिओ बघून ट्रिम (पाण्यात आडवं, सरळ राहणं) येत नाही, कुणीतरी बाजूने तुमचं शूटिंग करून दाखवायला पाहिजे.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. तोंडाने गच्च फुगवून तासभर ठेवा, मऊ पडला तर घेऊ नका. मग सिलेंडर जोडून इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडा, ते टचकन वर आलं पाहिजे. आत मीठ साचलं की ते चिकटतं, हवा भरतच राहते आणि माणूस खालून सुसाट वर येतो, फुप्फुसाला इजा होते. असं झालं तर होज (इन्फ्लेटरची हवेची नळी) खेचून वेगळी करायची, हे डोळे मिटून जमेपर्यंत किनाऱ्यावर करा.

आपल्याकडे सामान वापरात कमी आणि घरात जास्त राहतं. कुडाळहून गाडी बदलत भुसावळला येईपर्यंत मीठ वाळून बसतं, तेव्हा गोड्या पाण्याने तिथंच धुवा, आतूनही, इन्फ्लेटरमधून पाणी ओतून हलवून डम्प व्हॉल्व्हमधून (हवा सोडायच्या झडपेतून) काढा. घरी आलं की थोडी हवा भरून सावलीत टांगायचं. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर टाकलंत तर आतलं ब्लॅडर (हवेची पिशवी) पावसाळ्यापर्यंत चिकटलेलं मिळेल. आणि सामान आहे म्हणून मळ्यातल्या विहिरीत एकट्याने प्रॅक्टिस अजिबात नको, तळाला जुन्या मोटारीचे पाईप, दोर असतात, गढूळ पाण्यात दिसत नाहीत आणि अडकलात तर सोडवायला कुणी नसतं.