जुन्या वेकबोर्ड बोटीचा ट्रिम चालेना? पंप बदलण्याआधी या चुका टाळा

पावसाळा सरला, मुंबई-मांडवा लाँचच्या फेऱ्या सुरू झाल्या की किनाऱ्यावर ताडपत्रीखाली झाकलेल्या वेकबोर्ड बोटी (फळीवर उभ्या माणसाला दोरीने ओढणाऱ्या) एकेक करून पाण्यात उतरतात आणि माझा फोन वाजायला लागतो. "दादा, ट्रिम मेलाय. पंप गेला वाटतं. नवा मागवू का?" (ट्रिम म्हणजे धावत्या बोटीचं नाक वर-खाली करणारी यंत्रणा.) माझं उत्तर ठरलेलं असतं: थांबा, अजून एक रुपयाही खर्च करू नका.

असं सांगायला कारण आहे. गेल्या हंगामात एक बोट पाहायला गेलो, तर मालकाने नवा पंप आधीच बसवला होता. बाहेरून मागवलेला, कस्टममधून सुटेपर्यंत तंगवलेला. आणि बोटीच्या मागची ट्रिमची प्लेट जागची हलत नव्हती. पंपाच्या टोकांवर मल्टिमीटर लावला, १२.५ व्होल्ट. बॅटरी ठणठणीत. मग सहकाऱ्याला बटण दाबून धरायला सांगितलं, आकडा थेट ७ वर आला. अर्थची केबल वरून अगदी नवी दिसत होती, पण लगच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) मागचं प्लास्टिक दोन बोटं सोललं तर आत तांब्याऐवजी काळी-हिरवी भुकटी. केबल बदलली, प्लेट खाली गेली, वर आली. जुना पंप खोक्यात पडून होता, त्याला काहीही झालेलं नव्हतं.

या बोटी मुळात गोड्या पाण्याच्या तलावांसाठी बनतात. आपण त्या मुंबईच्या खाऱ्या, गाळाच्या पाण्यात चालवतो. बिघाड शोधताना ही गोष्ट सतत डोक्यात ठेवा.

आपल्या बोटीत नेमकं काय आहे, हे न पाहताच हात घालणे

'ट्रिम' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या यंत्रणा येतात. खरी वेकबोर्ड बोट इनबोर्ड, म्हणजे इंजिन आत असलेली असते. तिचा पंखा बोटीखाली पक्का बसवलेला, तो वर-खाली होत नाही. तिथे ट्रिम म्हणजे मागच्या बाजूच्या स्टीलच्या प्लेटा. बॅलास्टच्या (वजनासाठी पाणी भरायच्या) पिशव्या भरल्या की मागचा भाग बसतो आणि नाक वर उठतं. प्लेट खाली केली की नाक खाली येतं, बोट पाण्यावर चढते. मग ताशी ३२ ते ३७ किलोमीटरवर प्लेट हळूहळू उचलून हवी तशी लाट मिळवायची.

दुसऱ्या प्रकारात, टॉवर लावून वेकबोर्डिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या स्टर्नड्राइव्ह बोटीत, इंजिन आत आणि पंखा मागे लटकणाऱ्या लेगवर असतो; तो अख्खा लेग हायड्रॉलिक रॅमवर (तेलाच्या दाबाने सरकणाऱ्या दांड्यावर) वर-खाली होतो. (अशा बोटीमागे दोरी सोडून लाटेवर वेकसर्फिंग कधीच करू नका. पंखा मागे असतो आणि माणूस त्याच्या अगदी जवळ.)

तिसरा प्रकार म्हणजे प्लेटा आहेत, पण हायड्रॉलिक नाहीत. लेन्कोसारख्या इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटरमध्ये तेलाचा थेंबही नसतो, तरी लोक तेलाची टाकी शोधत बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) तासभर पालथे पडलेले मी पाहिलेत. प्लेटेच्या दांड्याकडे जाणारी बारीक पोकळ नळी असेल तर हायड्रॉलिक, वायर असेल तर इलेक्ट्रिक. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते आधी करा.

मीटर न लावता पंपाला दोष देणे

पंप हा शेवटचा संशयित. आधी करंट, मग तेल, मग रॅम आणि नळ्या, आणि हे सगळं निर्दोष निघालं तरच पंप.

त्याआधी एक इशारा, आणि तो मी मनापासून देतोय. या बोटी पेट्रोलच्या असतात. इंजिनखण उघडून हवा खेळू द्या, ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवा, नाकाने वास घ्या, आणि मगच वायरला हात लावा. गाडीच्या दुकानातला स्वस्त रिले बसवणं ही याच घरातली चूक. बोटीचे सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारे मोठे रिले) ठिणगी बाहेर पडू नये असे बंदिस्त बनवलेले असतात. साध्या रिलेची ठिणगी पेट्रोलच्या वाफेला पुरते. तिथे शंभर रुपये वाचवू नका.

बटण दाबल्यावर काय ऐकू येतं, तेच अर्धं निदान. काहीच आवाज नाही? फ्यूज, बटण, बारीक वायर. टक् असा आवाज येतो पण मोटर फिरत नाही? सोलेनॉइडचे आतले संपर्क, जाड केबल, अर्थ, किंवा मोटरचे झिजलेले कार्बन. मोटर नेहमीपेक्षा चढ्या आवाजात फिरते आणि हलत काहीच नाही? तेल नाही, तेलात हवा शिरली आहे, किंवा मोटर-पंपामधलं जोडकाम सुटलंय.

व्होल्टेज नेहमी बटण दाबलेलं असतानाच मोजा. मीटरची एक दांडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी पंपाच्या अर्थवर ठेवून बटण दाबा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. नुसती बॅटरी तपासून 'करंट येतोय' म्हणणं म्हणजे नळाला पाणी आहे का हे टाकीत डोकावून सांगणं.

मर्क्रूझर कंपनीच्या लेगमध्ये निळी-पांढरी वायर वर नेणाऱ्या सोलेनॉइडची, हिरवी-पांढरी खाली नेणाऱ्याची. एकच दिशा चालत असेल तर बॅटरी ठीक आहे, बिघाड बहुधा त्या एका सोलेनॉइडच्या किंवा बटणाच्या वाटेवर आहे. 'ट्रिम'च्या बटणाने लेग वर जात नाही पण 'ट्रेलर'च्या (लेग पूर्ण वर उचलायच्या) बटणाने जातो, तर पंपाला हातही लावू नका. लिमिट स्विच (लेगला ठरलेल्या उंचीवर थांबवणारा) किंवा त्याची वायर गेलेली आहे.

प्लेटांच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बहुधा एकच मोटर आणि दोन बाजूंना दोन व्हॉल्व असतात. म्हणून एक प्लेट चालते आणि दुसरी नाही, तर पंप दोषी असूच शकत नाही. प्लेटा पूर्ण वर असताना पंपाकडच्या दोन नळ्या आपसांत बदलून पाहा. बिघाड दुसऱ्या बाजूला गेला तर व्हॉल्व किंवा त्याची वायर, जागच्या जागी राहिला तर नळी किंवा रॅम. या एका अदलाबदलीने मी लोकांचे बरेच पैसे वाचवलेत.

तेलाबाबतच्या चुका

ब्रेक ऑइल कधीही नाही. ते ग्लायकॉलवर बनतं आणि यंत्रणेतली नायट्राइल रबराची सीलं फुगवून बरबाद करतं. बेनेट कंपनीच्या प्लेटांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) चालतं, मर्क्रूझरच्या पंपात त्यांचं ट्रिम ऑइल किंवा १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल. आधी आत काय आहे ते पाहा, दोन जातींची सरमिसळ करू नका.

पातळी कुठल्या स्थितीत बघायची, इथेही घोळ होतो. मर्क्रूझरचा लेग पूर्ण खाली, प्लेटा पूर्ण वर, आउटबोर्ड (बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन) मात्र पूर्ण वर उचललेलं. रॅम बाहेर असताना टाकी काठोकाठ भरली की रॅम आत येताना तेल बिल्जमध्ये सांडतं. मग मालकाला वाटतं गळती आहे, तो पुन्हा भरतो, पुन्हा सांडतं.

तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. वरून नवं तेल ओतून उपयोग नाही. सगळं काढा, धुवा, आणि पाणी कुठून आलं ते शोधा. भरल्यावर झाकण सैल ठेवून रॅम पाच-सहा वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, मध्येमध्ये पातळी बघा, म्हणजे हवा निघून जाते. मोटर सलग दाबून धरू नका. ती तापते, आतला ब्रेकर सुटतो आणि तुम्हाला वाटतं पंपच बसला.

खडबडीत रॉडवर नवं सील घालणे

स्टर्नड्राइव्हच्या जुन्या बोटीत सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. रॅममधून तेल झिरपलं, नवं सील टाकलं, महिनाभर छान चाललं, पुन्हा झिरपायला लागलं. दोष सीलचा नसतो. रॉडवरून अंगठ्याचं नख फिरवा. कुठे अडकलं की तिथे खाऱ्या पाण्याने खड्डा पाडलाय, किंवा कालवं खरवडताना कुणीतरी पटाशी चालवलीय. तो खड्डा प्रत्येक फेरीत सीलची धार कापतो. असा रॉड नवा घ्या, किंवा घासून पुन्हा हार्ड क्रोम करून घ्या. बारीक पॉलिश पेपरने खड्डा जात नाही, उलट माप कमी होतं.

सील घ्यायला नागदेवी स्ट्रीटवर जाणार असाल तर जुनं सील आणि व्हर्नियर दोन्ही न्या. बोट अमेरिकन असेल तर मापं इंचांत असतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि दुकानदार देतो २५ चं. हातात दोन्ही सारखीच वाटतात. २५ चं ताणून बसतंही, आणि लवकर झिजतं. बाहेरचं वायपर सील विसरू नका. वाळू आणि मीठ अडवणारं तेच आहे, आणि लोक तेच जुनं ठेवतात. केबलसाठी लोहार चाळीत कल्हई केलेली तांब्याची मरीन केबल मागा. साधी केबल इथे फार दिवस टिकत नाही.

दाब असताना हात घालणे

लेग वर किंवा प्लेट खाली धरून ठेवलेली असेल तर नळीत दाब आहे. नट सैल केला की लेग खाली येतो, खाली तुमचा हात असतो. लाकडी ठोकळे देऊनच उघडा. गळती बोटाने कधी शोधू नका. बारीक फवारा कातडीतून आत शिरू शकतो, बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत मोठी इजा होते. पुठ्ठा फिरवून बघा. कातडीत तेल शिरलंच तर मलम लावून घरी बसू नका, तडक हॉस्पिटलमध्ये जा.

वर केलेला लेग रात्रीत आपोआप उतरत असेल, तर आधी त्याला ठोकळ्यांवर टेकवा. रॅमच्या नळ्या पंपापासून सोडून, पंपाची आणि लेग वर नेणाऱ्या नळीची तोंडं बुचाने बंद करा, खाली आणणाऱ्या नळीचं तोंड डब्यात मोकळं सोडा. मग ठोकळे बोटभर खाली घ्या. लेग ठोकळ्यांपाठोपाठ उतरला तर रॅम आतून गळतोय, वरच राहिला तर पंपाचा व्हॉल्व.

गोड्या पाण्याचे अ‍ॅनोड तसेच ठेवणे

लेगऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे म्हणजे अ‍ॅनोड. तलावातून आलेल्या बोटीवर मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड असू शकतात. खाऱ्या पाण्यात ते झपाट्याने विरघळून संपतात, आणि मग पुढची पाळी अ‍ॅल्युमिनियमच्या लेगची. समुद्रात झिंक, खाडीच्या मचूळ पाण्यात अ‍ॅल्युमिनियमचे लावा. अ‍ॅनोडवर रंग मारू नका. तांब्याचा अँटिफाउलिंग (शेवाळ-कालवं धरू न देणारा) रंग अ‍ॅल्युमिनियमला लागू देऊ नका.

जुनी बोट घेत असाल तर सकाळी सौदा करू नका. आदल्या संध्याकाळी लेग पूर्ण वर करून खडूने खूण करा, टाकीतल्या तेलाचा फोटो काढा आणि मालकाला म्हणा, "उद्या येतो." सकाळी खुणेपाशी लेग आहे का, खाली तेलाचा डाग पडलाय का, तेलाचा रंग काय, एवढं बघा. रॉड संपूर्ण बाहेर काढायला लावून नख फिरवा. तुमची झाल्यावर, बोट जूनमध्ये वर काढाल तेव्हा रॉड गोड्या पाण्याने धुवा, पुसा आणि रॅम पूर्ण आत घेऊनच ताडपत्री टाका, म्हणजे क्रोम चार महिने तेलात राहील.