माडाला सोंड्या लागलाय का ते कसं ओळखायचं आणि मग काय करायचं

माडाचा शेंडा एक दिवस मान टाकतो आणि मग सगळे म्हणतात काल तर चांगला होता. चांगला कसला, दोन-तीन महिने आतून पोखरला जात होता. सोंड्या भुंग्याचा अंड्यापासून कोशापर्यंतचा सगळा संसार खोडाच्या आत चालतो, त्यामुळे कीड दिसायची वाट बघत बसलात तर माड गेलाच.

आधी गेंड्या भुंगा आणि सोंड्यात गल्लत करू नका. गेंड्या काळा, डोक्यावर शिंग, तो शेंड्यातल्या कोवळ्या सुईत, म्हणजे न उलगडलेल्या झावळीत शिरतो आणि झावळ उलगडली की त्रिकोणी कातरलेली दिसते, त्याच्या अळ्या गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. सोंड्या तांबूस तपकिरी, साधारण साडेतीन सेंटीमीटरचा, मानेमागे काळे ठिपके आणि पुढे लांब वाकलेली सोंड. सापडला तर उजेडात धरून सोंड बघा, वरच्या बाजूला बारीक केसांचा झुबका असेल तर नर, गुळगुळीत असेल तर मादी. ही मादी जखमेत, भेगेत, गेंड्याने पाडलेल्या भोकात अंडी घालते, एकूण 200 ते 300. अळीला पाय नसतात, पिवळट पांढरी, डोकं तपकिरी, वाढून पाच सेंटीमीटरपर्यंत जाते आणि महिना-दोन महिने नुसता गाभा खाते, मग माडाचेच तंतू स्वतःभोवती गुंडाळून कोश करते. 1980 च्या दशकात हाच भुंगा आखाती देशांतल्या खजुरींवर पोचला, म्हणजे आपली माणसं नोकरीला जातात तिकडेही हा आहेच 😄

जास्त धोका 5 ते 20 वर्षांच्या माडांना. खोडावर बारीक भोकं, त्यातून लालसर तपकिरी चिकट रस, भोकाच्या तोंडाशी चावलेला चोथा आणि आंबूस वास, एवढं दिसलं की सकाळी वाडी शांत असताना खोडाला कान लावा, अळ्या जास्त असतील तर कुरकुर चक्क ऐकू येते. मधल्या झावळ्या पिवळ्या पडायला लागल्या म्हणजे मात्र उशीर झालाय.

माझं मत विचाराल तर औषधापेक्षा जखमा टाळणं महत्त्वाचं, कारण हा भुंगा जखमेच्या वासावरच येतो. पाडेल्याला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, स्पष्ट सांगा की चढायला खोडात खाचा पाडायच्या नाहीत, आणि हिरवी झावळ तोडावीच लागली तर खोडापासून चार फूट देठ ठेवून तोड, म्हणजे देठात अळी झाली तरी खोडापर्यंत पोचत नाही (पाडेली कुरकुरतो, कुरकुरू दे). कोयती लागलीच तर त्याच दिवशी डांबर लावा. गेंड्याचाही बंदोबस्त हवा, नाहीतर तो दार उघडून देतो आणि सोंड्या आत येतो. शेंड्याजवळच्या झावळ्यांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू मिसळून भरा, गायरी वेळच्या वेळी उपसा, गेंड्या भोकात असेल तर हुकाच्या सळीने ओढून काढा.

गंध सापळाही लावा. बादलीला वरच्या बाजूला भोकं, आत फेरुजिनिऑल या गंधाची ल्युअर, म्हणजे आमिषाची कुपी, आणि पाणी घालून त्यात पिकलेली केळी किंवा ठेचलेला ऊस. हा गंध मूळचा नराचा पण त्यावर नर-मादी दोघंही येतात. आठवड्याने पाणी-केळी बदला, सुकलेल्या बादलीत कोणी येत नाही. आणि सापळा कोवळ्या माडाला टांगू नका, आलेला भुंगा बादलीत पडायच्या ऐवजी माडावरच बसायचा.

लागण झालेलीच असेल तर आधी तयार नारळ उतरवून घ्या. मग खालची भोकं चिखलाने नाहीतर सिमेंटने बुजवा, वरचं एक उघडं ठेवून त्यातून नरसाळ्याने इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के हे कीटकनाशक, लिटरभर पाण्याला 1 मिली या हिशोबाने सावकाश ओता आणि तेही बुजवा. हातमोजे घाला, विहिरीजवळचा माड असेल तर जपून. नंतर नारळ कधी काढायचे ते रत्नागिरीजवळ भाट्याचं नारळ संशोधन केंद्र आहे तिथे किंवा गावच्या कृषी सहाय्यकाला विचारा, दुकानदाराला नको.

शेंडाच मोडला असेल तर तो माड सोडा, माडाला कोंब एकच, परत फुटत नाही. पण तसाच उभा ठेवू नका, आतले कोश फुटून भुंगे शेजाऱ्याच्या वाडीत जातात. तोडा, खोड उभं चिरा, अळ्या-कोश दिसतील तेवढे ठेचा आणि पोखरलेला भाग जाळून टाका.