पाय रुंद आहेत आणि क्लाइंबिंग परत सुरू करताय? शूज असे शोधा

पाच वर्षांच्या गॅपनंतर परत वॉलवर जायचं ठरलं म्हणून माळ्यावरून जुने शूज काढले, तर रबर कडक झालेलं आणि पाय काही केल्या आत जाईना. वयाबरोबर पायाची कमान थोडी बसते, पाऊल पसरतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी जुन्याच नंबरचा नवा जोड मागवला, करंगळी सोलवटून निघाली, मग चिडून सरळ दोन नंबर मोठे घेतले आणि ती त्याहून मोठी चूक ठरली.

कारण नंबर वाढवला की वाढते ती मुख्यतः लांबी. युरोपियन साइजमध्ये एक नंबर म्हणजे साधारण 6.67 मिमी लांबी, रुंदी त्यामानाने किरकोळच वाढते. म्हणजे दोन नंबर मोठे घेतल्यावर चवड्याला जेमतेम आराम मिळाला पण पुढे अंगठ्यासमोर बोटभर पोकळी. बारीक फूटहोल्डवर (वॉलवर पाय टेकवायच्या जागेवर) उभं राहिलं की टोकाचं रबर वाकायचं आणि पाय हळूच सटकायचा, आणि मला वाटायचं माझीच ताकद गेलीये. रुंद पायाला रुंद साचाच (ज्या आकारावर शूज बनतात तो) लागतो, नंबर वाढवून तो मिळत नाही.

आधी पाय नीट बघा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, कागदावर पूर्ण वजन देऊन उभं राहा आणि पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावलं आखा (बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, माप त्याचंच धरायचं). आता सगळ्यात रुंद जागा कुठे येते ते बघा. चवड्यापाशी पसरट असेल तर पुढून रुंद शूज हवेत, पण पाऊल वरून जाड, उंच असेल तर प्रश्न रुंदीचा नसून आतल्या जागेचा आहे, अशांना पुढून मोठे शूज दिले तरी वरून आवळतातच, त्यांना वरून पूर्ण उघडणारा जोड लागतो. काही ब्रँड 'लो व्हॉल्यूम' म्हणजे आत कमी जागा असलेला वेगळा जोड काढतात, तो आपला नाही. बायकांसाठीचे जोडही बऱ्याचदा अरुंद साच्यावर असतात, त्यामुळे पाय रुंद असेल तर बिनधास्त पुरुषांचे घालून बघा, कोणी विचारत नाही.

बंद करायची सोय म्हणाल तर माझं मत लेसला. पुढे सैल, मागे घट्ट असं हवं तसं बांधता येतं. वेल्क्रो पटकन निघतो, बोल्डरिंगला (दोराशिवाय कमी उंचीवर चढायला) बरा, पण चवड्यावर त्याचा फार ताबा नसतो.

मटेरियलकडे लक्ष द्या. आतून अस्तर नसलेलं लेदर वापरून बऱ्यापैकी ताणतं, आणि जास्त करून रुंदीलाच, म्हणजे आपल्या फायद्याचं. अस्तर असेल तर कमी ताणतं, सिंथेटिक जवळपास तसंच राहतं. आणि कडेने जिथे रबराची पट्टी चढवलेली असते तिथे लेदर असलं तरी फारसं सैल होत नाही, म्हणून करंगळी नेमकी त्या पट्टीखाली दाबली जात असेल तर 'वापरून होईल सैल' यावर विश्वास ठेवू नका.

आकार सपाट घ्या. टोक खाली वळलेले आणि अंगठ्याकडे झुकलेले शूज ओव्हरहँगवर, म्हणजे बाहेर झुकलेल्या भिंतीवर, चढणाऱ्यांसाठी, परत सुरुवात करणाऱ्याला त्याची काही गरज नाही, आणि रुंद पायाची करंगळी त्यात सगळ्यात आधी ओरडते.

नावं सांगायची तर बुटोराचा एन्डेव्हर रुंद आणि अरुंद अशा दोन फिटमध्ये मिळतो, तो पहिला बघा. स्कार्पाचा ओरिजिन ऐसपैस आहे, ब्लॅक डायमंडच्या मोमेंटमचा वरचा भाग विणलेल्या कापडाचा असल्याने चवड्याला त्रास कमी होतो. प्रत्येक ब्रँडचा नंबर वेगळा बसतो, एकाचा दुसऱ्याला लावू नका.

घालून बघताना नखं कापलेली हवीत. बोटं टोकाला टेकलेली, किंचित वाकलेली चालतील, पण एकावर एक चढलेली नकोत, आणि टाचेत हवा राहता कामा नये. मग पायरीच्या कडेवर फक्त अंगठ्याच्या जोरावर उभं राहा. सगळीकडे सारखा दाब आला तर ठीक, एकाच जागी टोचलं तर काढून ठेवा. पाय जाईचना झाला तर पावलावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून घाला, सर्रकन जातो.

ऑनलाइन मागवलेत तर घरात स्वच्छ फरशीवर पंधरा-वीस मिनिटं घालून बसा, वॉलवर नेऊ नका, चॉक (हातांना लावायची पांढरी पावडर) लागलं की बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. आणि घाई नसेल तर पहिले दोन-तीन आठवडे जिममधले भाड्याचे शूज वापरा, ते बहुधा ढगळच असतात. तोवर पायांनाही सवय होते आणि नेमकं कुठे टोचतं ते कळतं.