ईमेल खाते ईएसबीला कसे जोडावे

ऑर्डरी, तक्रारी, बिलांच्या पीडीएफ, यंत्रणांचे रात्रीचे अहवाल. बऱ्याच संस्थांत हे सगळे आजही मेलवर येते आणि मग कुणीतरी ते उघडून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने भरत बसते. हे काम एंटरप्राइज सर्व्हिस बसवर, म्हणजे ईएसबीवर, सोपवता येते. वेगवेगळ्या प्रणालींच्या मध्ये बसून एकीचा संदेश घ्यायचा, हवा तसा बदलायचा आणि दुसरीला पोचवायचा, एवढेच ईएसबी करते. म्यूल आणि डब्ल्यूएसओटू ही यातली नेहमीची नावे. अपाची कॅमल काटेकोर अर्थाने ईएसबी नाही, पण याच कामासाठी सर्रास वापरतात.

जोडणी लवकर होते. डोकेदुखी नंतर सुरू होते आणि तिचे कारण बहुतेकदा एकच असते: मेलबॉक्सला क्यू, म्हणजे संदेशांची रांग, समजले जाते. क्यूमधला संदेश एका वेळी एकाच्याच हाती पडतो आणि काम फसले तर परत रांगेत जातो. मेलबॉक्स यातले काहीच आपणहून करत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्यांत पोर्ट आणि पासवर्डपेक्षा, मेल वाचल्यावर त्याचे काय करायचे याला जास्त जागा दिली आहे.

१. बससाठी वेगळे खाते काढा

माणसे वापरतात ते खाते बसला देऊ नका. कुणी फोनवर मेल उघडून पाहिला की तो 'वाचलेला' होतो, आणि फक्त न वाचलेले मेल उचलणाऱ्या बसला तो दिसतच नाही. लॉगमध्ये एररही येत नाही, त्यामुळे शोधाशोध करायची कुठे हेच कळत नाही.

नव्या खात्यात इनबॉक्सखेरीज तीन फोल्डर करा: घेतलेले, झालेले आणि अडकलेले. त्यांची नावे साध्या रोमन अक्षरांत ठेवलेली बरी. आयमॅप म्हणजे सर्व्हरवरचे मेल वाचण्याची पद्धत. तिच्या जुन्या आवृत्तीत इतर लिपींतली नावे एका खास सांकेतिक रूपात साठवली जातात आणि काही साधने तिथे गडबडतात. स्पॅम फोल्डरवर कुणी नजर ठेवायची तेही आत्ताच ठरवा. बस तिथे डोकावणार नाही.

२. प्रोटोकॉल, पोर्ट, प्रमाणपत्र

मेल आत घ्यायला आयमॅप, पोर्ट ९९३. पॉप३ या मेल घेण्याच्या दुसऱ्या पद्धतीचे सुरक्षित पोर्ट ९९५ आहे, पण पॉप३ ला फोल्डर नसतात आणि वाचलेले-न वाचलेले हा भेदही नसतो, म्हणजे आपल्या कामाचा पायाच नसतो. दुसरा इलाजच नसेल तरच तो घ्या. बाहेर पाठवायला एसएमटीपी, पोर्ट ५८७ किंवा ४६५.

पोर्ट उघडे आहे का हे आपल्या लॅपटॉपवरून नव्हे, तर बस ज्या सर्व्हरवर चालणार आहे तिथूनच तपासा. ओपनएसएसएल या साधनाच्या एस-क्लायंट आज्ञेने ९९३ वर जोडणी केली की आधी प्रमाणपत्रांची साखळी दिसते आणि शेवटी तारांकनाने सुरू होणारी 'ओके'ची ओळ येते. ती आली तर नेटवर्कची बाजू ठीक आहे. वरची तिन्ही साधने जावावर चालतात, आणि जावाचा ट्रस्टस्टोअर, म्हणजे विश्वासाच्या प्रमाणपत्रांचा साठा, बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षा वेगळा असतो. संस्थेच्या स्वतःच्या मेल सर्व्हरचे प्रमाणपत्र त्यात वेगळे भरावे लागते. 'सगळ्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवा' हा पर्याय चाचणीत चालू केला की तो तसाच लाइव्हला जातो, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊच नका.

३. लॉगिन

नुसते नाव आणि पासवर्ड आता मोठ्या सेवांवर चालत नाही. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ही सोय ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइनवर आयमॅप आणि पॉपसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून तेच केले. आता ओऑथ २.० लागते, म्हणजे पासवर्डऐवजी ठरावीक वेळच चालणारे टोकन दाखवायचे.

मायक्रोसॉफ्टकडे क्रम असा: एंट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टची खाती आणि ओळख सांभाळणारी सेवा) अ‍ॅप नोंदवा, त्याला आयमॅपची अ‍ॅप-पातळीवरची परवानगी द्या, अ‍ॅडमिनची संमती घ्या. मग पॉवरशेल या कमांडच्या साधनातून एक्स्चेंजमध्ये त्या अ‍ॅपचा सर्व्हिस प्रिन्सिपल (आपल्या संस्थेतली त्याची ओळख) नोंदवून त्याला या एकाच मेलबॉक्सचा अधिकार द्या. हा शेवटचा टप्पा हमखास राहतो. मग टोकन व्यवस्थित मिळते, पण मेलबॉक्स दारातच अडवतो. तो टप्पा पार पाडूनही अडत असेल तर ऑब्जेक्ट आयडी पाहा. एकाच अ‍ॅपचे असे दोन आयडी दिसतात, 'अ‍ॅप रजिस्ट्रेशन्स'खाली एक आणि 'एंटरप्राइज अ‍ॅप्लिकेशन्स'खाली दुसरा. इथे दुसरा लागतो.

टोकन साधारण तासाभरात संपते. त्यामुळे ते कनेक्टर (बसला मेलशी जोडणारा भाग) स्वतः नव्याने घेतो की नाही हे तासाभराहून जास्त वेळ चालवून पाहा. अ‍ॅपच्या गुप्त किल्लीलाही मुदत असते. ती तारीख एकट्याच्या नव्हे, सगळ्या टीमच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि किल्ली कॉन्फिग फाइलमध्ये उघडी न ठेवता व्हॉल्टमध्ये, म्हणजे गुपिते जपणाऱ्या तिजोरीत, ठेवा.

४. मेल आत घेणे

इथे घाई करू नका. पहिल्यांदा कनेक्टरचे डिलीटचे सेटिंग बघा. कॅमल मुळात मेल काढून टाकत नाही आणि फक्त न वाचलेले घेतो. उलट म्यूल ३ च्या आयमॅप कनेक्टरमध्ये घेतलेला मेल सर्व्हरवरून काढून टाकणे हेच डिफॉल्ट होते. डिफॉल्टवर विसंबून खऱ्या मेलबॉक्सवर पहिली चाचणी घेतली तर काय होईल ते सांगायला नको.

फ्लोचे, म्हणजे मेल बसमधून जातो त्या वाटेचे, दोन भाग करा. पहिल्याने एवढेच करायचे: 'वाचलेला' अशी खूण न करता मेल घ्यायचा, तो मूळ रूपात, हेडरसकट (पाठवणारा, तारीख वगैरे तपशिलांसह), टिकाऊ क्यूमध्ये टाकायचा आणि क्यूने पोच दिल्यावरच मेल 'घेतलेले' फोल्डरमध्ये हलवायचा. मजकूर उलगडणे, डेटाबेस, पुढच्या प्रणालीशी बोलणे हे सगळे दुसऱ्या भागात. तिथे काम पुरे झाले की मेल 'झालेले'मध्ये जातो, फसले तर 'अडकलेले'मध्ये जातो आणि माणूस तो पाहू शकतो. एवढे केले की मेलबॉक्सची उणीव क्यू भरून काढतो.

तरी एक फट उरते. क्यूत टाकल्यावर आणि फोल्डर हलवण्याआधी बस बंद पडली तर तोच मेल पुन्हा येणार. त्यासाठी प्रत्येक मेलच्या हेडरमधला मेसेज-आयडी नोंदवून ठेवा आणि आधी आलेला असेल तर सोडून द्या. पाठवणाऱ्याने तोच मजकूर पुन्हा पाठवला तर आयडी नवा असतो. म्हणून ऑर्डर क्रमांकासारखी कामातली खूणही जोडीला तपासा. आयमॅप फोल्डरमधल्या मेलला देतो त्या क्रमांकावर, म्हणजे यूआयडीवर, एकट्यावर भिस्त ठेवू नका. फोल्डरची यूआयडी-व्हॅलिडिटी (हे क्रमांक अजून लागू आहेत का ते सांगणारी संख्या) बदलली की जुने क्रमांक निरर्थक होतात.

बस दोन नोडवर, म्हणजे दोन सर्व्हरवर, चालत असेल तर दोन्ही एकाच वेळी मेलबॉक्सवर धावतात. मेल घेणारा भाग एकाच नोडवर चालू ठेवा. पोलिंग, म्हणजे नवे मेल आले का ते पाहणे, मिनिटाला एकदा पुरते, आणि कॅमलचे डिफॉल्टही तेच आहे. दर पाच सेकंदांनी दार वाजवले तर मेल सेवा कधी ना कधी दार बंद करते.

आता टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा. जावामेल या जावाच्या मेल लायब्ररीत जोडणीचा आणि वाचनाचा टाइमआउट डिफॉल्टने अनंत असतो. मधल्या फायरवॉलने जोडणी गुपचूप तोडली तर थ्रेड उत्तराची वाट बघत तसाच अडकून बसतो. बस चालू, डॅशबोर्ड हिरवा, आणि मेल मात्र एकही येत नाही. जोडणीला तीसेक सेकंद आणि वाचनाला मिनिटभर अशी मर्यादा स्वतः घाला.

५. मेल उलगडणे

एकाच मेलमध्ये साधा मजकूर, एचटीएमएल, सहीखालचा लोगो आणि खरी अटॅचमेंट हे सगळे एकात एक गुंडाळलेले असते. पहिला भाग म्हणजे मजकूर असे गृहीत धरू नका. देवनागरी नावाची फाइल आली की नावाच्या जागी प्रश्नचिन्हे, 'यूटीएफ-८' आणि पुढे अगम्य अक्षरांची माळ दिसू शकते. जावामेलमध्ये फाइलचे नाव डीकोड करण्याचे सेटिंग त्यासाठी चालू करावे लागते. फाइल मेलसाठी साध्या अक्षरांत बदलणाऱ्या बेस६४ मुळे अटॅचमेंट वाटेत साधारण एक तृतीयांशाने फुगते. मोठ्या फाइली फारच सावकाश येत असतील तर १६ केबीच्या तुकड्यांत आणण्याचे डिफॉल्ट बदला.

'फ्रॉम'मधला पत्ता कुणीही लिहू शकतो. पैशांशी किंवा हक्कांशी संबंधित काम असेल तर आपल्याच मेल सर्व्हरने घातलेला पडताळणीचा हेडर वाचा, आणि फाइलींचे ठरावीक प्रकारच आत घ्या.

६. उत्तर पाठवणे

बसने 'तुमचा मेल मिळाला' असे कळवले, समोरच्याच्या रजेच्या ऑटो-रिप्लायने त्याला उत्तर दिले आणि बसने त्याचीही पोच दिली, तर हे रात्रभर चालू शकते. आपल्या प्रत्येक स्वयंचलित मेलला 'ऑटो-सबमिटेड' हेडर लावा आणि तो असलेल्या किंवा रिकाम्या प्रेषकाच्या मेलला कधीच उत्तर देऊ नका. एसएमटीपीचा २५० हा कोड म्हणजे सर्व्हरने मेल स्वीकारला, समोरच्याला पोचला असे नव्हे. एक्स्चेंज ऑनलाइन मिनिटाला ३० मेलपर्यंतच पाठवू देते, तेव्हा पाठवण्याचा वेगही क्यूनेच आवरा.

७. लाइव्हला जाण्याआधी

रिकाम्या विषयाचा मेल, २० एमबीची फाइल, मेलच्या आत अटॅचमेंट म्हणून दुसरा मेल आणि तोच मेल दोनदा, असे सगळे पाठवून पाहा. मग मुद्दाम मधेच बसची प्रोसेस मारा, पुन्हा चालू करा आणि एकही मेल हरवला नाही, दुहेरी गेला नाही, हे मोजून घ्या. देखरेखीसाठी सीपीयूच्या आलेखांपेक्षा एक आकडा जास्त कामाचा आहे: इनबॉक्समधला सर्वांत जुना मेल किती मिनिटांचा आहे. हा आकडा बसच्या बाहेरच्या एखाद्या छोट्या स्क्रिप्टने घ्या, आणि तो पंधराच्या वर गेला की ड्यूटीवर असलेल्याला लगेच कळेल अशी सोय करा.